अथेन्सहून आलेली सॉकेटं

अथेन्स, १६ फेब्रुवारी २००२

बाबा,

म्हणजे पोतं परत पाठवलंतच! पेन्को ड्रायव्हरने ते बसच्या पोटातून ओढून माझ्या पायाशी आदळलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "तुझ्या बापाचा निरोप आहे, कचरा टाकायला व्रबोवोतही खड्डे आहेत!" लोक हसले. मीपण हसलो, काय करणार. सरहद्द ओलांडून परत आलेला कचरा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल.

तुम्ही म्हणता स्क्रूचे आटे गेलेत, नुसते गोल फिरतात. हॉटेलातली सॉकेटं आहेत ती, चिनी मातीची, हातात घेतली तर वजन लागतं. आम्ही भिंती फोडतो, जुनं काढतो, मुकादम म्हणतो फेका. मी फेकली नाहीत. का, तर माझा बाप मागच्या शेडमध्ये मधपेट्या करतो आणि त्याच्या भिंतीवर एकच सॉकेट, त्यात करवतीची पिन काढून रंधा मशीनची घालायची आणि ती काढून दिव्याची. म्हटलं, बापाला वीस मिळतील. तर बाप म्हणतो कचरा.

नवीन सॉकेटं, तार, फ्यूजचा डबा, सगळ्याला मिळून तुम्ही नव्वद युरो मागितलेत. कुठून आणू? खोलीचं भाडं आहे, पोटाला लागतं, काम देणारा दलाल आठवड्याला हात पसरतो. युरो नवीन निघाले म्हणून काही झाडाला लागत नाहीत.

असो. ती वीस मी खरंच टाकली. आता दुसरी पाठवतो आहे. वरच्या मजल्यावर काही खोल्या वर्षानुवर्षं बंद होत्या, तिथली. वापर जवळजवळ नाही. एकेक स्क्रू फिरवून बघा आणि मग कचरा म्हणा.

मधमाश्या राखणाऱ्या संत हरालाम्पीच्या दिवशी मध घेऊन चर्चला गेला असालच. निघताना तुम्ही दिलेली मेणबत्ती अजून आहे माझ्याकडे. लावली नाही.

नायदेन


व्रबोवो, १ मार्च

नायदेन,

पोतं मिळालं. एकूण एक स्क्रू फिरवून बघितला. घट्ट बसतात. चेहरे पण स्वच्छ आहेत. कचरा हा शब्द मागे घेतो. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून मधाची बरणी पाठवली आहे, ती माफी समज.

एक गंमत. तुझ्या सॉकेटांना मेणाचा वास येतो. हॉटेलातले श्रीमंत लोक मेणबत्त्या लावून जेवत असणार. आम्हीही जेवतो मेणबत्त्या लावून, लाइट गेली की.

आपल्याकडे भिंतीत दोनच तारा, तुझ्या सॉकेटांना अर्थिंगची तिसरी लागते. म्हणून गावात सगळे करतात तेच करणार. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत तारेचा छोटा तुकडा टाकायचा. शाळेत तसंच आहे, दूध डेअरीत तसंच आहे, पाद्र्याच्या घरीसुद्धा तसंच आहे. आपला इलेक्ट्रिशियन मितो म्हणाला, "करून देतो, एक बाटली लागेल." म्हटलं, बाटली माझी मीच पितो आणि तुकडाही मीच टाकतो.

तुझ्या ताईने, राड्काने, एक मार्चचा लाल-पांढरा दोरा पाठवला आहे. मनगटाला बांध. पहिलं फुललेलं झाड दिसलं की त्याच्या फांदीला अडकव. तिकडे कदाचित आधीच फुललं असेल, पण एक दिवस तरी बांध.

ईस्टरला ये.

तुझा बाप


अथेन्स, २४ मार्च

बाबा,

दोरा बांधला. इथे बदामाची झाडं फुलून गेलीसुद्धा, म्हणून संत्र्याच्या झाडाला अडकवला. बरोबरचा अल्बेनियन पोरगा म्हणाला, "ही काय जादू?" म्हटलं, आमच्याकडे मार्च महिना म्हणजे एक लहरी म्हातारी, ती चिडली की बर्फ पडतो, तिला खूश ठेवावं लागतं. तो म्हणाला, "आमच्याकडे पण म्हाताऱ्या आहेत, पण दोऱ्यावर खूश होत नाहीत."

सोबत फोटो आहे. मागे दिसतो तो समुद्र. जॅकेट कातड्याचं आहे, स्वस्तात मिळालं.

मी ते हॉटेलचं काम सोडलं. मुकादम माणसाला माणूस म्हणत नाही. आता बंदराजवळ एका गोदामाचं काम बघतो आहे, तेही फार दिवस टिकेल असं वाटत नाही. एका जागी बसलो की माझ्या तळपायांना मुंग्या येतात, तुम्हाला माहीतच आहे.

एक सांगायचं होतं. इथला इलेक्ट्रिशियन म्हणत होता, जुनं सॉकेट दिव्याला चालतं, पण मोठ्या मशीनला नवीनच बसवावं. तुम्ही रंधा मशीनला वाटलं तर एखादं नवीन घ्या. म्हणजे जुनी चांगलीच आहेत. तरी आपलं सांगून ठेवलं.

ईस्टरचं अजून नक्की नाही.

नायदेन


व्रबोवो, ८ मे

नायदेन,

ईस्टर झाला. तुझ्या नावाचं लाल अंडं टेबलावर तसंच आहे. राड्का म्हणाली फोडून खाऊ या, मी नको म्हटलं. तिचा धाकटा त्याच्याकडे असा बघतो की आज-उद्या चोरी होणार.

शेड बघशील तर ओळखणार नाहीस. वीसच्या वीस लावली. मितो येऊन बघून गेला. म्हणाला, "एवढी सॉकेटं तर आपल्या नगरपालिकेत नाहीत. लावणार काय त्यात?" म्हटलं, जागा असली की पाहुणे येतात. धुलाई यंत्राच्या मोटारीवर केलेलं आपलं रंधा मशीन आता कोपऱ्यात कायमचं लावलं आहे. त्याला तुझ्यातलं सगळ्यात चांगलं दिसणारं सॉकेट दिलं. नवीन कशाला घेऊ? तूच म्हणालास चांगली आहेत.

खालच्या गावातून मधपेट्यांची मोठी मागणी आली आहे. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण मिळालं.

फोटो मशीनच्या वर भिंतीला लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. मितो म्हणाला, "पोरगा सिनेमातला वाटतो." म्हटलं, सिनेमातला असता तर बापाला भेटायला आला असता, शेवटच्या भागात तरी.

तुझा बाप


व्रबोवो, २५ जून

नायदेन,

माझा चष्मा फुटला आहे. हे राड्का लिहिते आहे. मी ठीक आहे. शेडमधलं काम बंद केलं आहे. उकाडा फार आहे. सॉकेटं उत्तम आहेत, त्यांची काळजी करू नकोस. तू नीट जेवत जा.

तुझे वडील


अथेन्स, १० जुलै

बाबा,

हे काय पत्र म्हणायचं? तुझे वडील! सरकारी कचेरीतून आल्यासारखं. चष्मा फुटतो तेव्हा माणूस नवीन घेतो, लेखनिक ठेवत नाही. मला कळतं. ईस्टरला आलो नाही म्हणून रुसला आहात. तसं सरळ लिहा ना. तुमच्या शिव्या मी लहानपणापासून ऐकल्यात, ताईच्या अक्षरात त्यांची चव लागत नाही.

आणि उकाडा म्हणून काम बंद? तुम्ही? आईला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी करवत लावणारा माणूस उकाड्याला घाबरतो? मोठी मागणी आली होती म्हणालात, तिचं काय झालं?

गोदामाचं काम सुटलं. आता रात्री मासळी बाजारात पेट्या वाहतो. बर्फात हात घालून घालून बोटांना काही कळेनासं झालं आहे. तुमचीच बोटं बरी, निदान लाकडाला लागतात.

स्वतः लिहाल तेव्हाच उत्तर देईन.

नायदेन


विदिन, २८ जुलै

नायदेन,

हे मी माझ्या घरातून लिहिते आहे. बाबांना माहीत नाही. त्यांनी मला आईच्या फोटोची शपथ घातली होती, ती मोडते आहे. तुझं पत्र त्यांनी वाचलं. बोटांबद्दलचं वाक्य दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही.

चष्मा फुटलेला नाही. जूनमध्ये बाबा रंधा मशीनवर फळी सारत होते. मशीन मध्येच बंद पडलं. काय झालं बघायला त्यांनी मशीनच्या टेबलावर डावा हात ठेवला. टेबल लोखंडाचं, खाली शेडची ओली जमीन. शॉक बसला. झटक्याने उजवा हात पुढे गेला, आणि पाती अजून थांबलेली नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं वरच्या पेरापासून गेली. मी तेव्हा पोरांना घेऊन गावीच होते. धावत शेडपाशी पोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते, हात टॉवेलात गुंडाळलेला, आणि मला म्हणाले, "राड्का, आधी मेन बंद कर, पोरं आत जातील."

मितोने समजावून सांगितलं. तो जो तारेचा तुकडा सगळे टाकतात ना, तो स्क्रू घट्ट आहे तोवर राखण करतो. न्यूट्रलची तार स्क्रूतून निसटली, की मोटारीतून आलेली वीज त्याच तुकड्यावाटे मशीनच्या अंगात उतरते. तसंच झालं. तार निसटली.

तेव्हापासून बाबा एकच म्हणतात, "मी स्क्रू आवळला नाही. मला वाटलं आवळला. माझ्या हातांना आता कळत नाही." गॅस बंद केला तरी मला विचारतात, बंद आहे का बघ. बरणीचं झाकण लावतात आणि माझ्यापुढे धरतात, लागलंय का? सगळं आयुष्य ज्या माणसाने बोट फिरवून फळीची जाडी सांगितली तो असा झाकण घेऊन उभा राहतो, ते बघवत नाही रे. मागणी परत केली. सप्टेंबरच्या बाजारात मधमाश्या विकायच्या आणि माझ्याकडे विदिनला येऊन बाल्कनीत बसायचं म्हणतात. बाल्कनीतून समोरच्या इमारतीचे कपडे दिसतात, दुसरं काही नाही.

तुला कळवू नको म्हणाले, कारण तुला वाटेल सॉकेटांमुळे झालं. "पोराने इतक्या लांबून निवडून पाठवली, त्याच्या मनाला लागेल," असं म्हणाले. तू त्यांना एवढंच लिही, की हे कुणाच्याही हातून होतं. तुझं ऐकतील.

राड्का


अथेन्स, १४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र पोचलं. बाबांना सांग, हे कुणाच्याही हातून होतं. आमच्या इथे एकाचा तर सगळा हात गेला. जिवावरचं बोटांवर निभावलं म्हणायचं. बाल्कनी काही वाईट नाही, थोडे दिवस आराम करतील. माझ्या त्या पत्रातलं बोटांचं मी सहज लिहिलं होतं, ते त्यांच्या खिशातून काढून घे. जाळ.

येणार होतो, पण इथे आत्ता सुट्टी मागितली तर काम जाईल.

ते सॉकेट कुणी उघडून बघितलं का? मितोने? की तसंच आहे भिंतीवर? उघडू नका. म्हणजे उगाच परत कुणाला शॉक बसायला नको. सगळीच काढून नदीत टाकून द्या. बाबांना ते करायला लावू नकोस, तूच टाक.

मध अजून आहे. खाल्ला जात नाही.

नायदेन


व्रबोवो, ३० ऑगस्ट

नायदेन,

उघडू नका म्हणालास, म्हणून उघडलं.

मेन बंद करून मशीनचं सॉकेट भिंतीतून काढलं. स्क्रू फिरवला. फिरतोय, फिरतोय, फिरतोच आहे. आटे कधीचेच गेलेले. मग स्क्रू बाहेर काढला. त्याच्या टोकाला आणि भोकाच्या कडेला पिवळं काहीतरी वितळून चिकटलेलं होतं. नखाने खरवडलं, वास घेतला. आपल्या घरात मेण ओळखायला कुणाकडे जावं लागत नाही. मी बाकीची पण काढली. जी गरम झाली नव्हती त्यांच्यात मेण तसंच भरलेलं आहे, म्हणून स्क्रू घट्ट वाटतात.

बाबा अंगणात मधमाश्यांशी बोलत होते. त्यांना काही सांगितलेलं नाही. सॉकेटं पोत्यात भरून माझ्या पलंगाखाली ठेवली आहेत.

मी तुला काही विचारत नाही. मला उत्तर नको. पण बाजार पुढच्या महिन्यात आहे, आणि गिऱ्हाईक येऊन पोळी बघून गेलं. जे लिहायचं ते त्यांना लिही. मी तुझ्याऐवजी खोटं बोलणार नाही आणि खरंही बोलणार नाही.

राड्का


अथेन्स, १२ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र ताई वाचून दाखवणार नाही. तुम्ही स्वतः वाचा. चष्मा शाबूत आहे हे मला माहीत आहे. तुमच्या हाताचंही माहीत आहे. तिच्यावर रागावू नका, तिने शपथ माझ्यामुळे मोडली.

मला लिहिता येत नाही नीट. सातवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, एक दिवस असा येईल की एक पत्र लिहायचं असेल आणि शब्द सापडणार नाहीत. तो आला आहे. चार कागद फाडले. पहिल्यात मुकादमाला शिव्या होत्या, दुसऱ्यात ज्याने तो तारेचा तुकडा टाकायचं शोधून काढलं त्याला. मग शिव्या द्यायला कुणी उरलं नाही.

स्क्रू तुम्ही नीट आवळला होता.

दुसरं पोतं नव्हतंच. वरच्या मजल्यावर बंद खोल्याही नव्हत्या. तुम्ही कचरा म्हणून परत पाठवली होती तीच ती वीस. पेन्कोने सगळ्यांसमोर तुमचा निरोप सांगितला तेव्हा माझं डोकं फिरलं. खोलीवर गेलो, सगळ्या सॉकेटांचे चेहरे व्हिनेगरने पुसले, आणि तुम्ही दिलेली मेणबत्ती काढली. चर्चमध्ये लावायला दिलेली. आपल्याच माश्यांची. पेटवून एकेका भोकात थेंब टाकला आणि थंड व्हायच्या आत स्क्रू बसवला. इतके घट्ट बसले की मलाच वाटलं झाली चांगली. ते गरम झाल्यावर सुटेल हे मला कळत नव्हतं असं लिहिणार होतो. कळत होतं. मार्चमध्ये मी मशीनला नवीन घ्या असं लिहिलं ते उगाच नव्हतं. पण खरं लिहिलं असतं तर तुम्ही परत कचरा म्हणाला असतात. मला फक्त तुमच्या तोंडून तो शब्द मागे घ्यायला लावायचा होता. तुम्ही घेतलात, वर मध पाठवलात. तो मध मी पहिल्या दिवशी पोट भरून खाल्ला.

तुमच्या हातांना कळत नाही असं तुम्ही ताईला म्हणता. फेब्रुवारीत पहिलं पोतं आलं तेव्हा एक फेरा देऊनच तुम्हाला कळलं होतं ना, आटे गेलेत म्हणून? तेच स्क्रू होते. हात बरोबर होते. मीच त्यांना फसवलं. आता झाकण लावाल तेव्हा कुणापुढे धरू नका. लागलेलं असतं.

मधमाश्या विकू नका. गिऱ्हाइकाला सांगा, पोरगा गाढव आहे आणि त्याने चूक केली, विकायचं रद्द. गावात सगळ्यांना सांगितलंत तरी चालेल. मितोलाही सांगा, त्याला बाटलीपेक्षा जास्त आवडेल. ती सॉकेटं ताईच्या पलंगाखाली आहेत, ती तुम्हीच फोडा, डाव्या हाताने फोडा, मी तिथे असतो तर माझ्या डोक्यावर फोडा म्हटलं असतं. आणि तिसरी तार ओढून घ्या. गावात कुणाकडे नसली तरी आपल्याकडे असू दे. तो तुकडा परत टाकू नका. मितोला त्याची बाटली द्या आणि त्याच्याकडून नीट करून घ्या.

भिंतीवरचा फोटो काढा. तुम्ही पैसे मागितलेत तेव्हा माझ्याकडे होते. त्यातूनच आलं ते जॅकेट. गावात येईन तेव्हा लोकांनी बघावं म्हणून घेतलं, आणि ते घालून तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही म्हणून ईस्टरला आलो नाही. आता ते अल्बेनियन पोराला विकलं. त्याला खांद्यात सैल होतं, पण त्याला आवडलं.

नाताळला यायचं की नाही ते तुम्ही सांगा. ये म्हणाल तर येईन, येऊ नको म्हणाल तर तेही वाचेन. फक्त तुमच्या हाताने लिहा. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे, मला वाचता येतं.

पैसे पेन्कोकडे देतो आहे. जास्त देता आले असते, बाजारातला एक जण उसने द्यायला तयार होता. पण जास्त पाठवले तर बोटांची किंमत केल्यासारखं होईल, आणि ती मला या जन्मात जमणार नाही. म्हणून फेब्रुवारीत तुम्ही मागितले होते तेवढेच पाठवतो आहे. नव्वद युरो.

नायदेन